चौथा खण

४ मार्च

चिरंजीव भाचेबुवा,

पाकीट पाहून तुझ्या कचेरीतले हसतील, की या माणसाला अजून पत्रं येतात. हसू देत. फोन कानाला लावला की माझं ऐकण्याचं यंत्र शिट्ट्या मारतं. मागच्या खेपेला तू काहीतरी आनंदाचं सांगत होतास आणि मी तुझं सांत्वन करत होतो. संगणकावरून लिहा म्हणशील, तर त्याच्याशीच सध्या बोलणं बंद आहे. त्याचीच तक्रार करायला बसलोय.

तू बसवून दिलेली पेटी उघडत नाही. तीच ती, बुटांच्या खोक्याएवढी, चार खणांत चार डिस्क एकत्र बांधलेली, जिच्यात तुझ्या मामीचा आवाज ठेवलाय. तुला ठाऊकच आहे, तिचे डोळे गेले तेव्हा पुस्तकं गेली, पण पाठ केलेलं गेलं नाही. जन्मभर धाकट्या वर्गांना शिकवलेल्या सगळ्या कविता ती उशीला टेकून म्हणायची आणि मी उशाशी आवाज टिपायचं यंत्र धरून बसायचो. आता रोज सकाळी चहा झाला की मी मोठा हेडफोन चढवतो, आवाज शेवटच्या टोकाला नेतो आणि तिच्याकडून एक कविता ऐकतो. मग दिवस सुरू होतो.

आज संगणक म्हणतो, अशी कुठली पेटीच नाही. दुसऱ्या खणाचा दिवा लाल झालाय. खालच्या मजल्यावरची शिवणकामवाली सांगायला आली, "आजोबा, तुमच्याकडे कालपासून काहीतरी किंचाळतंय हो." मला काय ऐकू येणार! मागचं बटण दाबून गप्प केलं.

तू तर म्हणाला होतास, एक डिस्क गेली तरी काहीच जात नाही. मग हे काय? वेळ मिळेल तसं लिही. पण लवकर मिळू दे वेळ.

तुझा मामा


९ मार्च

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

घाबरू नका. सांगतो तेवढंच करा आणि नाही म्हणतो ते अजिबात करू नका. पेटी बंद करा, पिन काढा. पुन्हा चालू करून "बघू तरी" असं करायचं नाही. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला हात लावू द्यायचा नाही. तो चांगला माणूस असेल, पण त्याचं एकच औषध असतं, सगळं पुसून नव्याने सुरू करणं.

एक दिवा लाल म्हणजे एक डिस्क गेली. ते व्हायचंच, डिस्क ही फिरणारी वस्तू, कधीतरी दमणार. त्यासाठीच तर चार बांधल्या. आमच्या कचेरीत अशा डिस्कची कपाटंच्या कपाटं आहेत, महिन्याला एखादी जाते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. आम्ही जुनी काढतो, नवी घालतो, उरलेल्या मिळून तिला सगळं पुन्हा शिकवतात.

मला एवढंच कोडं पडलंय, की एकच गेली तर पेटी उघडायला हवी होती. बंद करण्याआधी दिवे कसे होते ते वरून खाली एकेक करून कळवा. नीट आठवून.

तुमचा
संगणकांचा रखवालदार भाचा


१४ मार्च

चि. भाचेबुवा,

पिन काढली. पेटीवर रुमाल टाकलाय, पिंजऱ्यावर टाकतात तसा.

दिवे असे. पहिला हिरवा, दुसरा लाल, तिसरा हिरवा. चौथा नाही. म्हणजे दिवाच नाही, कारण तिथे डिस्कच नाही. ती मी मागच्या वर्षी आपल्या ताईला दिली.

तुझ्याच शिकवणीवरून दिली हो! तू पेटी बसवलीस तेव्हा मला काय म्हणाला होतास? "मामा, हा चार मुलांचा वर्ग समजा. एक गैरहजर राहिला तरी उरलेले तिघे कविता पूर्ण म्हणून दाखवतात." किती गोड सांगितलंस. मी मनात म्हटलं, चौघांनाही पाठ आहे, मग एकाला ताईच्या घरी राहायला पाठवायला काय हरकत? आईच्या आवाजावर लेकीचाही हक्क आहे. तिचं माझं बोलणं तुटलेलं. म्हटलं, मी नाही तर निदान आई बोलेल तिच्याशी. खण ओढला, डिस्क काढली, मऊ कापडात गुंडाळून पाठवली. वर चिठ्ठी: "यात तुझ्या आईचा आवाज आहे. हा तुझा वाटा." पेटी तेव्हाही किंचाळली होती म्हणे. कारण मला ठाऊक होतं, म्हणून बटण दाबलं. आणि बघ, त्यानंतर वर्षभर कविता जशीच्या तशी ऐकू येत होती. तुझं गणित खरं ठरलं.

हिवाळ्यात मी आणखी एक काम केलं. ते सांगितलं की तू शाबासकी देशील. त्या सगळ्या कविता स्वच्छ केल्या. मूळच्यांत कचरा फार होता. तिचा खोकला, मधलं थांबणं, भांड्यांचे आवाज, आणि माझी लुडबूड तर पानोपानी. सगळं कापलं. स्वच्छ प्रती ठेवल्या, जुन्या पुसून टाकल्या. आता कशी सलग, संमेलनात म्हणावी तशी कविता येते. घर झाडल्यासारखं वाटलं मला.

तर आता नवी डिस्क कधी पाठवतोस?

तुझा मामा


१८ मार्च

ती. मामा,

तुमचं पत्र मी उभ्याने वाचलं आणि मग खाली बसलो.

चूक माझी आहे. तुम्हाला आवडेल म्हणून मी वर्गाचं उदाहरण दिलं आणि ते अर्धंच दिलं. मामा, त्या वर्गात कुणालाही पूर्ण कविता पाठ नाही. एकाला पहिली ओळ येते, दुसऱ्याला दुसरी, तिसऱ्याला तिसरी. चौथ्याला ओळच येत नाही, त्याला त्या तिघांची फक्त बेरीज येते. पुढच्या कडव्याला बेरीज दुसऱ्याकडे, त्याच्या पुढे तिसऱ्याकडे, असं फिरत राहतं. एक गैरहजर असेल तर उरलेले तिघे हिशेब करून त्याची ओळ शोधून काढतात. दोघे गैरहजर असले, तर उरलेल्या दोघांजवळ नुसते तुकडे असतात. त्यांच्यातून काही निघत नाही.

तुम्ही ताईला डिस्क दिलीत त्या दिवसापासून वर्गात एक गैरहजर होता. वर्षभर उरलेले तिघे दर सकाळी त्याचा हिशेब मांडून तुम्हाला कविता ऐकवत होते. आता दुसरा गेला.

लाल दिव्याची डिस्क पुन्हा उठेल असं मला वाटत नाही. म्हणजे सगळं ताईकडच्या डिस्कवर आलं. ती तुम्ही दिलीत तशीच्या तशी परत मिळाली, तर त्या दिवसापर्यंतचं बरंचसं जुळवता येईल. त्यानंतर तुम्ही कापून ठेवलेल्या स्वच्छ प्रती गेल्या, त्यांची आशा सोडा. मूळच्या, तुम्ही पुसलेल्या, त्या कदाचित निघतील. पुसलेलं लगेच जात नाही. त्या जागेवर नवं काही लिहिलं गेलं तरच जातं. पण तुम्ही नवं पुष्कळ लिहिलंय, मामा.

आणखी एक, आणि हे लिहावंच लागतंय. एकटी डिस्क कुठल्याही संगणकाला जोडली तर त्याला ती कोरी वाटते. तो विचारतो, "वापरण्यासाठी तयार करू का?" ताईने "हो" म्हटलं असेल, आणि कोणीही म्हणेल, तर मग काही उरलं नाही.

तिला ताबडतोब लिहा. तुमच्याकडच्या तिन्ही डिस्क मला पाठवा. खण क्रमांक घालून, भरपूर कापूस लावून.

तुमचा भाचा


२६ मार्च

बाळा,

तिन्ही डिस्क पाठवल्या. पहिलीवर एक, तिसरीवर तीन लिहिलंय. लाल दिव्याची तुझ्या मामीच्या शालीत गुंडाळली. कापूस होता, पण मन होईना.

तू रागावशील. पाठवण्याआधी मी पेटी एकदा चालू केली. एकदाच. ऐकू तर येणार नव्हतं, म्हणून दुसऱ्या खणावर तळहात ठेवला. आतून कुणीतरी दार ठोठावतंय असं लागलं हाताला. टक्, टक्, आणि थोडं थांबून पुन्हा. मी खरंच "आलो, आलो" म्हणालो रे. मग तुझं आठवलं आणि पिन ओढली.

ताईला दोन पत्रं टाकली. दोन्हींची पोच आली, उत्तर नाही. का नाही, ते तुला सांगतो. तिची आई गेली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी निघते." मी म्हणालो, "आता येऊन काय करणार?" माझ्या मनात होतं, की सगळं आटोपलंय, पोरीने इतक्या लांबून जिवाची धावपळ करू नये. तिला वाटलं, मी दार लावून घेतलं. नंतर तिने विचारलं नाही आणि मी उलगडून सांगितलं नाही. मी आयुष्यभर मुलांना कवितेचा भावार्थ सांगत आलो, आणि स्वतःच्या एका वाक्याचा सांगता आला नाही.

आज सकाळी चहा झाला. हात सवयीने हेडफोनकडे गेला. चढवला. त्याची तार टेबलावरून खाली लोंबत होती, तिला काही जोडलेलं नव्हतं. म्हटलं, मनातल्या मनात आठवावी. नावाड्याची कविता घेतली, तिची लाडकी. पैलतीरावर दिवा घेऊन उभी असलेली मुलगी, आणि धुक्यात चुकलेला नावाडी. ओळी येतात, पण माझ्या आवाजात येतात. तिचा चेहरा दिसतो, कपाळावर येणारी बट दिसते, ओठ हलताना दिसतात. आवाज नाही. माणूस इतका कसा पुसला जातो रे? आणि शेवटच्या कडव्यापाशी मी अडकलो. पुढचं येतच नाही. तुला येतं का? नाही, तू गणितातला.

काहीतरी कर. मी कुणाकडे काही मागितलं नाही आजवर. तुझ्याकडे मागतोय.

मामा


१२ एप्रिल

शहाण्या,

तुझी तीन पत्रं आणि बाबांची दोन एकत्रच हातात पडली. आम्ही घर बदललं, टपाल जुन्या पत्त्यावर पडून होतं. तिथली नवी भाडेकरीण सह्या करून घेत होती.

आधी एक ऐक, मग पुढचं. डिस्क आली तेव्हा मी दार लावून बसले होते. आईचा आवाज ऐकायचा म्हणून घरातल्यांना बाहेर पाठवलं होतं. जोडली. संगणक म्हणाला, ही कोरी आहे. दुसऱ्या संगणकाला जोडली. तिथेही कोरी. "हा तुझा वाटा" म्हणून कोरी डिस्क! मला वाटलं, येऊ दिलं नाही ते नाहीच, वर हे. तू म्हणतोस ती सूचना आली होती, वापरण्यासाठी तयार करू का. घरातले परत आल्यावर म्हणाले, कर की, मुलांचे फोटो राहतील. बोट त्या "हो"वर ठेवलं होतं मी.

दाबलं नाही. चांगुलपणाने नव्हे हां. मला वाटलं, ही अशीच कोरीच्या कोरी एक दिवस त्यांच्या पुढ्यात आपटायची आणि विचारायचं, बाबा, हाच का हो माझा वाटा? म्हणून जपून ठेवली. रागाने माणूस किती नीट जपतो, नाही?

आता कुठे आहे ते विचारू नकोस. घर हलवताना खोकी कुणी भरली, कुणी उचलली, देव जाणे. निम्मी अजून उघडलेली नाहीत. कालपासून एकेक फोडतेय. स्वयंपाकघरात चालायला जागा नाही आणि घरातले मला वेडी समजतायत.

ता. क. सापडली. इस्त्रीच्या खाली, जुन्या टॉवेलात. एक कोपरा चेपलाय. मी तपासायला जोडलेली नाही, घाबरू नकोस. टपालाने पाठवणार नाही, मांडीवर घेऊन येते. बाबांना एवढ्यात कळवू नकोस. नाही चालली तर त्यांना आई दोनदा गेल्यासारखं होईल.

ताई


२४ एप्रिल

चि. भाचेबुवा,

तुझं पत्र नाही, म्हणजे जे समजायचं ते मी समजलो. तू लहानपणी कप फोडलास की असाच गप्प व्हायचास.

स्वतःला दोष देऊ नकोस. उदाहरण सुंदर होतं. त्यात रमलो मी, पुढे विचारलं नाही, की वर्गातल्या एकाला घरी नेलं तर त्याला एकट्याला काय येईल.

चारी खण आता रिकामे आहेत. टेबल पुसलं. हेडफोन कपाटात ठेवला. शिवणकामवाली म्हणाली, "आजोबा, हल्ली सकाळी तुम्ही मान डोलवत बसलेले दिसत नाही खिडकीतून." तिला काय सांगणार? म्हटलं, मान दुखते.

चहा मात्र अजून दोघांचा टाकला जातो. ती सवय जात नाही, आणि आवाज गेला. हा कुठला न्याय?

मामा


५ मे

ती. मामा,

हे पत्र बसून वाचा. पाण्याचा तांब्या जवळ ठेवा.

ताईला तुमची पत्रं उशिरा मिळाली. ती डिस्क घेऊन स्वतः आली. पुसलेली नव्हती! तिने तुम्हाला मुद्दाम कळवू दिलं नाही, त्याबद्दल तिच्याशी भांडा, माझ्याशी नको.

कचेरीत डिस्कची कपाटं असतात त्या थंड खोलीत तिला माझं जाकीट घालून बसवलं. लाल दिव्याची डिस्क उठलीच नाही. तुमची पहिली, तिसरी आणि ताईची चौथी, तिघींची आधी हुबेहूब प्रत काढली. चेपलेल्या कोपऱ्याची डिस्क मधेच अडखळायची, थंड होऊ द्यायची, पुन्हा पुढे. ताई तिच्याकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती. मग त्या तिघींवरून हरवलेल्या दुसरीचा हिशेब मांडला. पहिल्या दिवशी नुसती खरखर निघाली. दुसऱ्या दिवशीही. मी ताईला म्हणालो, घरी जा. ती म्हणाली, "मागे एकदा मी निघायचं थांबले होते. आता उठणार नाही."

तिसऱ्या दिवशी पहिली कविता निघाली. कविता कसली, आधी खोकला आला. मग तुमचा आवाज, "अगं, चुकलीस." आणि मग मामी, "तुम्ही गप्प बसा हो. मास्तरीण मी आहे." ताईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसत होती की काय करत होती, मी बघितलं नाही.

आता खरं सांगतो. सगळं मिळालं नाही. बऱ्याच कविता निघाल्या, काही अर्ध्या, काही गेल्याच. तुम्ही स्वच्छ केलेली एकही नाही. जे आलं ते खोकल्यासकट, भांड्यांसकट, तुमच्या लुडबुडीसकट आलं. नावाड्याची कविता शेवटच्या कडव्याआधी तुटते. तिथे तुम्ही नंतर काहीतरी नवं लिहिलं होतं. पुढे खरखर आहे.

नव्या डिस्क घालून पेटी पाठवतोय. आणि पूर्ण प्रत वेगळी, अगदी वेगळी, ताईला दिली आहे, तिच्या संगणकावर उघडेल अशी. हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं: चार डिस्क बांधल्या म्हणजे एखादी दमली तर सोय होते. पण दुसऱ्या घरी ठेवायची प्रत ती वेगळीच करावी लागते.

तुमचा भाचा


१३ मे

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

पेटी आली. हेडफोन कपाटातून काढला. तार भोकात जाईना. शिवणकामवालीला बोलावलं. सुईत दोरा ओवणारी ती, तिने एका फटक्यात लावली आणि निघून गेली. शहाणी बाई.

पोरी, मी काय कापलं होतं ते मला आता कळलं. ती ओळ म्हणते आणि थांबते. त्या थांबण्यात तिचा श्वास आहे. आत जातो, जरा अडतो, बाहेर येतो. मी ते सगळे श्वास काढून टाकले होते, कविता सलग व्हावी म्हणून. हिवाळ्यापासून मी नुसती कविता ऐकत होतो. ती आज आली.

आणि एका ठिकाणी मधेच फोन वाजतो. ती म्हणते, "ताईचा असेल, द्या इकडे." मग बराच वेळ तिचं एकटीचं बोलणं, हं, हं, जेवलीस का, आवाज का बसलाय. तू पलीकडून काही म्हणतेस आणि ती हसते. तेही मी कचरा म्हणून फेकलं होतं. तुझ्याकडची डिस्क नसती तर ते हसू या जगात कुठेच नव्हतं.

"आता येऊन काय करणार" असं मी म्हणालो होतो. त्याचा भावार्थ एवढाच होता, की मला काही सुचत नव्हतं.

नावाड्याच्या कवितेचं शेवटचं कडवं गेलं. मलाही आठवत नाही. तुझी वेणी घालताना ती तुझ्याकडून म्हणून घ्यायची, आणि तू चुकलीस की वेणी ओढायची. तुला येतं का गं? येत असेल तर लिहून पाठव. नसेल येत तरी पत्र पाठव.

तुझे बाबा


१८ मे

बाबा,

येतं. अजून डोकं दुखतं त्या कडव्यापाशी.

पण लिहून पाठवणार नाही, आणि फोनवर तुम्हाला ऐकू यायचं नाही. शनिवारच्या गाडीने येते. आईच्या उशाशी धरायचात ते यंत्र तयार ठेवा. मधेच "चुकलीस" म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

आणि बाबा, या वेळी काही कापायचं नाही.

ताई